इब्राहिमचाचांचं सीलचं कातडं

इब्राहिमचाचा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. तुम्ही कितीही मोठे असा, त्यांच्या दुकानाच्या पायरीशी आलात की त्यांची नजर खाली जायची. मग ते कमरेत थोडे वाकायचे, नाकाने एकदा वास घ्यायचे आणि विचारायचे, "कशाचं?" तुम्ही "कशाचं काय?" असं विचारलंत तर ते तुमची कीव करायचे. स्वतःच्या पायात कोणाचं कातडं आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला बाकीचं काय ठाऊक असणार, असा त्यांचा हिशेब होता.

टांगेवाल्या गेनूभाऊच्या मुलीच्या लग्नात नवरदेव देवळातून मांडवाकडे निघाला होता. वाजंत्री जोरात होती. चाचा गर्दीतून पुढे झाले. हार घालताहेत असं वाटून लोकांनी वाट दिली. चाचा नवरदेवाच्या बुटांपाशी वाकले आणि म्हणाले, "म्हसरू हाये. पण पाठीचं न्हाई, पोटाचं. वर्षात फाटंल." वरपक्ष रुसला. वरमाय तर जेवायलाच बसेना. आठ महिन्यांनी तोच जावई खोडदहून फाटका बूट घेऊन चाचांकडे आला आणि खाली मान घालून दुरुस्त करून घेऊन गेला.

चाचा घोड्यांचं सामान करायचे. खोगीर, लगाम, टांग्याचे पट्टे आणि कोणी सांगितली तर पाण्याची पखाल. जुन्नरच्या टांग्यांच्या अड्ड्यासमोर त्यांचं दुकान होतं आणि मागे दोन खोल्यांचं घर. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. एसटी सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नारायणगावला जायला लोक टांग्याऐवजी मोटारीत बसू लागले होते, त्यामुळे चाचांकडे काम कमी आणि बोलायला वेळ भरपूर. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवायचो. घर शेजारीच. शाळा सुटली की त्यांच्या पायरीवर जाऊन बसायचो.

दुकानातल्या भिंतीवर मलमलीचं एक फडकं टांगलेलं असायचं. त्याच्यामागे चाचांची दौलत होती: हातभर लांबीचं, काळंभोर, वर बारीक दाणा उठलेलं एक कातडं. ते सीलचं, म्हणजे थंड दर्यातल्या एका प्राण्याचं, होतं. त्यांच्या धाकट्या भावाने, हुसेनने, ते दहा वर्षांपूर्वी उत्तरेच्या बर्फाच्या दर्यातून पाठवलं होतं.

हुसेन बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. त्याने एका चांगल्या खोगिराचं कातडं उलट्या बाजूने कापलं, तेव्हा चाचा चार माणसांत म्हणाले होते, "तुझ्या हाताला कातडं कळत न्हाई." हुसेन उठला, मुंबईला गेला आणि जहाजावर लागला. वर्षातून दोनदा त्याचं कोणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र यायचं. चाचांना वाचता येत नसल्यामुळे ते वाचायचं काम माझ्याकडे होतं. "मास्तर, हळू वाचा," ते म्हणायचे, "लांबनं आलंय." पत्र संपलं की दर वेळी एकच प्रश्न असायचा. "येतो म्हणून लिवलंय का कुठं?" तसं लिहिलेलं कुठेच नसायचं. तरी घराची आतली खोली ते रोज झाडायचे आणि तिथे एक खाट अंथरलेली असायची.

पत्रांत सीलची माहिती मात्र भरपूर असायची. बर्फात राहणारे लोक त्याच्या कातड्याचे बूट करतात, पाणी आत येत नाही. त्याच कातड्याने होड्या मढवतात, तेल ठेवायच्या पिशव्या करतात, थंडीचे अंगरखे शिवतात. आणि वाटेल तसा सील मारायचा नाही, त्याला कायदा आहे. काही देशांनी मिळून ठरवलंय की भर दर्यात त्यांच्यावर बंदूक चालवायची नाही, जमिनीवर आलेल्यांतले तरणे नर तेवढे मोजून घ्यायचे, माद्यांना हात लावायचा नाही. मी शाळेतल्या पुस्तकांत शोधलं. गोष्ट खरी निघाली.

चाचांनी तो कायदा जुन्नर तालुक्याला लागू केला. सरकारला विचारलं नाही. रविवारच्या बाजारात कोणी कातडं विकायला आणलं की चौकशी सुरू व्हायची. "नर का मादी? कापली का आपसूक मेली? पोटाला पिल्लू व्हतं का?" निमगाव सावाचा एक शेतकरी एकदा शेळीचं कातडं घेऊन आला. त्याला हे सगळं विचारल्यावर तो घामाघूम झाला.

"चाचा, शेळीचं कातडं इकायला आणलंय, सोयरीक न्हाई जुळवायची."

"करडं व्हती का तिला?"

"दोन व्हती."

"पीत व्हती?"

"पीत व्हती की. पण पावणं आलं व्हतं, राव, करतो काय?"

"मग न्हाई घ्यायचं," चाचा म्हणाले. "सीलचा कायदा हाये."

तो बिचारा दिवसभर बाजारात सील कोण, कुठल्या गावचा, म्हणून विचारत फिरला. त्याला वाटलं कोणी नवा अधिकारी आलाय.

मला मात्र एक शंका होती आणि ती मी कोणाजवळ बोललो नव्हतो. हुसेनच्या प्रत्येक पत्रावर मुंबईचा शिक्का असायचा. उत्तर पाठवायचा पत्ता धारावीतल्या एका खानावळीचा होता. जहाज वर्षाचे बाराही महिने धारावीला कसं लागतं, हे माझ्या भूगोलात बसत नव्हतं. पण चाचांचा चेहरा बघून मी गप्प राहायचो. सील सांभाळायची जबाबदारी माझ्यावरही आहे असं मला वाटू लागलं होतं.

एका रविवारी पुण्याचा एक चामड्याचा व्यापारी दुकानात आला. माणूस हुशार, बोलायला फटकळ. पायरीवर मी होतो, गेनूभाऊ होता, आणखी दोन टांगेवाले होते. चाचांनी मोठ्या मानाने फडकं बाजूला केलं. व्यापाऱ्याने कातड्याचं टोक बोटांत धरलं, उलटं केलं आणि हसला.

"कोणी गळ्यात मारलं हे? बकरं आहे. काळा रंग देऊन वर दाणा दाबलाय. असली ढीगभर सीलं मी मुंबईला दाखवतो."

गेनूभाऊची विडी हातातच राहिली. चाचा उठले, फडकं नीट सारखं केलं आणि म्हणाले, "शेठ, तुमी दर्या बघितलाय का?"

"मुंबईचा रोज बघतो."

"त्यो न्हाई. बर्फाचा. न्हाई ना बघितला? मग उतरा पायरी."

चाचांनी गिऱ्हाइकाला घालवल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. टांगेवालेही हळूच पांगले. मला राहवेना. त्या व्यापाऱ्याला काही कळत नाही, माणूस मत्सरी दिसतो, सीलचा दाणा असाच असतो असं मी पुस्तकात वाचलंय, असं मी काहीबाही बोलत राहिलो. चाचांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, तुमी चांगलं हायसा, पण तुमाला खोटं बोलाया येत न्हाई," ते म्हणाले. "बकरंच हाये ते."

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"पार्सल फोडलं तवाच कळलं. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं हाये. मी जल्मापासनं त्याच वासात हाये. जिथं समदा बर्फ, तिथं बाभूळ कुठली आली? त्यो धारावीत कातडं कमवतो. जहाजावर गेलाच न्हाई. हे सीलचं समदं कुण्या खलाशाकडनं ऐकलं असंल."

"मग तुम्ही तो कायदा..."

"कायद्यात काय खोटं हाये? पिणाऱ्या पिल्लाची आई मारू न्हाई, हे बकऱ्यालाबी लागू हाये."

मग त्यांनी कातडं भिंतीवरून काढलं आणि माझ्या मांडीवर पसरलं. त्यांचं बोट दाण्यावरून फिरत होतं. "हे बघा. हातानं दाबलाय दाणा. ह्या टोकापासनं त्या टोकापातुर एक रेघ वाकडी न्हाई. ज्याला मी चारचौघांत म्हणलो की तुझ्या हाताला कातडं कळत न्हाई, त्यानं हे केलंय. मला तरी जमंल का, अल्ला जाने. बकरं हाये म्हणून लिवलं असतं, तर त्यो परत कधी पत्रबी टाकता ना. म्हणून म्हणलं, असू दे सील."

मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्याविषयी फार अभिमानही वाटला. दहा वर्षं हा माणूस भावाची लाज भिंतीवर टांगून तिला सलाम करत होता.

"पत्र लिवा," चाचा म्हणाले. "आत्ताच लिवा."

मी कागद घेतला. ते सांगत गेले. "कातडं रोज बघतो. असलं काम जुन्नरात कुणाला येत न्हाई, मलाबी न्हाई. त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं व्हतं. डोळ्याला आता कमी दिसतंय, दुकान एकट्यानं व्हत न्हाई. तू ये."

"सीलचं कातडं लिहू की बकऱ्याचं?" मी विचारलं.

"नुसतं कातडं लिवा."

दीड महिना काहीच आलं नाही. पोस्टमन समोरून गेला की चाचा हातातला दाभण खाली ठेवायचे, तो पुढे गेला की परत उचलायचे. मला शाळेत लक्ष लागेना. आपण हे पत्र लिहायलाच नको होतं, होती ती पत्रंही आता बंद होणार, असं मनात येऊ लागलं. आणि मग एका सकाळी कार्ड आलं. तीनच ओळी होत्या. जहाजाची नोकरी सोडली. भाईजान बोलावतात तर येतो. ईदेच्या आधी पोचेन. या खेपेला अक्षर कोणाकडून लिहून घेतलेलं नव्हतं. वेडंवाकडं होतं, त्याचं स्वतःचं होतं.

'येतो' लिहिलेली ओळ चाचांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांना वेगळीच काळजी लागली होती.

"मास्तर, जहाजावरनं आलेल्या माणसाला काय काय विचारत्यात?"

"म्हणजे?"

"बारा वर्षं दर्यावर हाये म्हणतोय. घरी आल्यावर मी दर्याचं कायबी इचारलं न्हाई, तर त्याला कळंल ना, की भाईला समदं ठावं हाये. पहिल्याच दिशी त्याची मान खाली जायाला नको. मग बसू दे त्याला, रुळू दे, त्यालाच वाटंल तवा सांगंल. तोवर मला दोन-चार सवाल शिकवून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून जगाचा नकाशा आणला. गिऱ्हाइक नव्हतंच. खोगीर बाजूला सारून आम्ही तो दुकानात पसरला आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर चाचांची हत्यारं ठेवली. मी मुंबईवर बोट ठेवलं आणि तिथून पाण्यापाण्याने वर वर नेत गेलो. चाचा चष्मा पुसून माझ्या बोटामागून येत होते, बंदरांची नावं ओठांतल्या ओठांत घोकत होते. पार वर पांढऱ्या रंगापाशी आम्ही थांबलो.

"हितं थंडी किती असती?"

"खूप. दर्या गोठतो."

"मग हे पहिलं इचारतो," चाचा म्हणाले. "अंगावर गरम कापडं पुरेशी व्हती का, म्हणून."