आठवीच्या रणांगणावरील घोड्याची हकीकत

श्रीशारदेच्या पायीं माथा ठेवोन, जे ऐकिले आणि हुंगिले तेंच लिहितों, पदरचे घालीत नाहीं. शके अठराशें शहाण्णव, आनंदनाम संवत्सरीं, इयत्ता आठवीच्या राज्यांत मराठीचा कारभार शाकंभरीबाई खांबेटे पाहात होत्या. प्रजा चाळीस, बहुत आळशी, आणि त्यांत आम्हीही होतों. बाईंनी महाकाव्यांतील युद्ध शिकविले आणि आज्ञा केली कीं तुम्हीही एक युद्ध लिहोन आणा. मग प्रजेने गाईडांतून उतरोन आणिले, आणि चाळीस वह्यांत तेच ते रक्ताचे पाट वाहिले! बाई कष्टी होऊन बोलिल्या, "अरे मेल्यांनो, रणांत घोडे होते ना? त्यांचा वास एकालाही कसा आला नाही?" तितक्यांत हुकूम आला कीं तपासणीचे साहेब स्वारी करोन येतात, आणि मुलांचे वर्णन पसंत न पडल्यास बाईंकडोन आठवी काढोन घेणार. आमचे धाबेच दणाणले. मग बाईंनी सारी फौज टांग्याच्या अड्ड्यावर नेली, डोळे मिटविले आणि म्हणाल्या, "आता पाहायचं नाही. ऐका, हुंगा, हात लावा." कोणी लगामाचे ओले चामडे चाचपिले, कोणी लिदीच्या वासाने नाक दाबिले, आणि वर्गांत कधी तोंड न उघडणारी जैनब नालबंद तेथे खुदकन हसली, कारण तिचे अब्बा तेथेच घोड्यांस नाल ठोकीत असत.

परत येऊन सर्वांनी युद्ध नव्याने लिहिले. मग साहेब आले आणि जैनबची वही उचलोन मोठ्याने वाचूं लागले: "तापलेला नाल लागताच खूर चरचरला. केस जळाल्यासारखा वास आला, धुराने घसा खवखवला. घोडा थरथरला ते माझ्या तळहाताला कळलं. उद्या युद्ध होतं." साहेब म्हणाले, "हे काव्यात कुठे आहे? आणि रक्ताचे पाट?"

बाई बोलिल्या, "साहेब, ते या चाळिसांनी गाईडात पाहिले. हे तिने स्वतः आणलंय."

साहेबांनी शून्य दिधले. आठवी गेली, आणि बाईंस शिवणाच्या तासावर धाडिले. जैनब हमसून हमसून रडूं लागली, तेव्हां बाई तिच्या पाठीवरोन हात फिरवीत म्हणाल्या, "रडतेस काय, वेडे! तुझा घोडा थरथरला, तो मला कळला."

सारांश, राज्य बुडाले, प्रजा पोटामागे पांगली. त्या दुपारचे सारे वास अद्याप नाकांत आहेत, आणि बाईंचा चेहराही डोळ्यांपुढे येतो. आवाज मात्र कितीही आठविला तरी येत नाहीं. जिने ऐकावयास शिकविले, तिलाच आम्ही नीट ऐकिले नाहीं.