पंचफुलाच्या पायाला उशा

मैदानावर पोचल्यावर प्रभाकररावांच्या लक्षात आलं, की गोलरक्षकाचे पॅड एसटीच्या टपावरच राहिले आणि एसटी हिंगणघाटला निघून गेली. मुलींना नीट बसता यावं म्हणून पॅड त्यांनी स्वतःच टपावर चढवले होते, त्यामुळे रागवायलाही कोणी उरलं नव्हतं. ते नुसते चष्मा पुसत राहिले.

खरी अडचण झाली ती पंचफुलाची. आर्वीच्या त्या कॉलेजची गोलरक्षक तीच. प्रभाकरराव इतिहास शिकवत आणि हॉकीही मोहिमेसारखी खेळवत. शिट्टी वाजली, की दहाच्या दहा पोरी समोरच्या गोलावर तुटून पडत. गोल करणारीचं नाव प्राचार्य सगळ्या कॉलेजसमोर घेत, मग मागे थांबणार कोण? धुरपता नावाला फुलबॅक होती, पण तिचा मुक्काम कायम पलीकडच्या गोलाशी. चेंडू उलटला, की इकडे सारं मैदान मोकळं आणि टोकाला एकटी पंचफुला. मागच्या वर्षी संघानं चार गोल केले, सात खाल्ले आणि सातही पंचफुलाच्या माथी बसले. यंदा वर्ध्याच्या संघाशी हरलात तर हॉकी बंद, असं प्राचार्यांनी निघतानाच सांगितलं होतं.

वर्ध्याच्या त्या मैदानाला लागूनच मुलींचं वसतिगृह होतं. प्रभाकररावांनी तिथल्या रेक्टर सुमित्राबाईंच्या विनवण्या करून दोन उशा आणल्या. अभ्रे मळता कामा नयेत, असं बाईंनी बजावलं. एका मोडक्या खाटेची नवार मिळाली. त्या पट्टीनं सरांनी उशा पंचफुलाच्या पायांना अशा करकचून बांधल्या, की तिला गुडघा वाकवता येईना. पंच भैय्याजींनी आठवून पाहिलं. नियमात उशीला मनाई नव्हती. त्यांनी शिट्टी फुंकली.

पहिल्याच धडकेत आर्वीच्या रुख्मानं गोल केला. पोरी तिकडेच नाचत असताना वर्ध्याची सेंटर फॉरवर्ड मोकळ्या मैदानातून चेंडू घेऊन सुटली. पंचफुलानं डोळे मिटले. चेंडू धप्पकन उशीवर बसला. एरवी पॅडवर आपटलेला चेंडू उसळून परत समोरचीच्या काठीवर जायचा आणि ती दुसऱ्या फटक्यात गोल करायची. उशीतला चेंडू मात्र उसळला नाही. जीव गेल्यासारखा पंचफुलाच्या पायाशी पडला. तिनं कसाबसा तो काठीनं बाजूला ढकलला, पण पुढे मारायला वाकता कुठे येत होतं?

"धुरपते, मले वाकता येत नाई. हा चेंडू घेऊन जाय!"

धुरपता सारं मैदान तुडवत आली, चेंडू घेऊन गेली. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली. मग पुन्हा. चौथ्या खेपेला तिला धाप आवरेना.

"काऊन वं, सारखी सारखी बोलावून राह्यली?"

"मंग तू जातं कायले?"

धुरपताजवळ आता पळायला दमच नव्हता. ती तिथंच थांबली. ती थांबली म्हणून आणखी दोघी थांबल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच पंचफुलाला स्वतःच्या पुढ्यात कोणाची तरी वेणी दिसली. तिला फार बरं वाटलं.

खेळ संपत आला असताना वर्ध्याला कॉर्नर मिळाला. पहिला फटका पंचफुलानं उशीवर घेतला, पण त्या दणक्यानं ती कापसाच्या पोत्यासारखी आडवी झाली. उठायला गुडघे वाकत नव्हते. चेंडू पुन्हा समोरच्यांकडे गेला होता.

"मी इकडून आडवी पडली," ती जमिनीवरूनच म्हणाली, "तू तिकडून उभी राह्य."

धुरपता उभी राहिली. फटका थेट तिच्या नडगीवर बसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. रुख्मानं चेंडू लांब भिरकावला आणि शिट्टी झाली. आर्वी एका गोलानं जिंकली होती.

पुढची अडचण नवारेच्या गाठींची निघाली. सरांनी मारलेल्या गाठी सरांनाच सुटेनात, आणि आर्वीची गाडी तर सुटायला आलेली. उशा उद्या पोचत्या करतो, असं सरांनी सुमित्राबाईंना सांगितलं. चौघींनी पंचफुलाला उचललं आणि गाडीत चढवलं. पांढऱ्या अभ्र्यांत गुंडाळलेले दोन पाय पाहून लोक उठले. एक अख्खं बाक रिकामं झालं.

"कोठी पडली वं माय?" भाजीचं टोपलं घेऊन बसलेल्या मनकर्णाबाईंनी विचारलं.

पंचफुला खरं सांगायला तोंड उघडणार, तोच लंगडत मागून आलेली धुरपता म्हणाली, "दोन्ही पाय गेले जी मावशी. हात लावू नोका."

आणि काठी आडवी धरून ती बाकापुढे उभी राहिली. प्रभाकरराव कडेला टेकायला आले, त्यांना तिनं मागं जायला सांगितलं. वाटेत आंजीला गाडी खचाखच भरली, दोघंतिघं त्या बाकाकडे वळले आणि तिच्याकडे पाहून तसेच मागे फिरले. कंडक्टरनंही तिकिटं लांबूनच पुढे केली.

उशा पायाला होत्या, म्हणून पंचफुलानं डोकं खिडकीला टेकवलं आणि आर्वी येईपर्यंत पाय पसरून निवांत झोप काढली.