बर्टी रॅटरे चांगलं बोलतो

एर्नेस्ट लेडलॉनं पाईचा पहिला घास घेतला आणि तो खाली बसला. मटणाची पाई बाहेरून कोमट लागते आणि आतला रस उकळत असतो, हे आर्डनीव्ही गावात दूध सुटलेल्या पोरालाही ठाऊक आहे. एर्नेस्टला तर चांगलंच ठाऊक होतं. पण माईकवरून फुटबॉल सामन्याची घोषणा त्यालाच करायची होती, तिला जेमतेम दहा मिनिटं उरली होती, आणि घाईत माणूस फुंकर घालायचं विसरतो. जीभ अशी भाजली, की त्याच्या तोंडून "आऊ" याखेरीज शब्द फुटेना.

"आता नावं कोण वाचणार?" पाईच्या टपरीतून नेटा रॅटरे म्हणाली. पाई तिनं केली होती, त्यामुळे तिला थोडं अपराधी वाटत होतं. थोडंच. मग तिची नजर कठड्याला टेकून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे गेली. "बर्टी, जा वर. नाहीतरी तुझं तोंड चालूच असतं, माईकसमोर चालव."

बर्टी रॅटरे त्या कठड्यापाशी तरुणपणापासून उभा होता. गोलाच्या मागे, डावीकडून तिसरा खांब. तिथून तो आर्डनीव्ही अ‍ॅथलेटिकच्या प्रत्येक खेळाडूचा दर शनिवारी उद्धार करी. गोलकीपर नील प्रिंगल हा त्याचा खास लाडका. प्रिंगल हा छपरं शाकारणारा माणूस. "अरे, लोकांच्या छपरांची भोकं बुजवतोस, मग स्वतःच्या दोन पायांमधलं भोक कोण बुजवणार?" हे वाक्य बर्टी वर्षानुवर्षं म्हणत आला होता आणि दर वेळी ते नवीन असल्यासारखा हसत होता. लोकही हसत. पाहुण्या संघाचे लोक तर मुद्दाम त्याच्या शेजारी येऊन उभे राहत. आर्डनीव्हीत कौतुक करायची पद्धत नाही. कुणी फारच थोर काम केलं तर "वाईट नाही" म्हणतात, आणि तेही तो माणूस गेल्यावर.

"आजच्या दिवशी मी माझा खांब सोडू?" बर्टी म्हणाला. "आज हरलो तर लीगमधून बाहेर जाऊ आपण. नुसती बरोबरी हवीय, तीही या दगडांकडून व्हायची नाही. मी इथून ओरडलो नाही तर त्यांना उठवणार कोण?"

"वरून ओरड. जास्त लांब ऐकू जाईल," नेटा म्हणाली, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळली. तिच्यापुरता विषय संपला होता.

घोषणेची खोली म्हणजे स्टँडच्या छपरावर चढवलेली काचेची पेटी. शिडीनं वर जायचं आणि आत गेल्यावर कडी लावायची, नाहीतर समुद्रावरचा वारा दार घेऊन जातो. कर्णे सगळे मैदानाकडे तोंड करून, त्यामुळे आत बसलेल्याला स्वतःचा आवाज बाहेर जातोय की नाही ते कळत नाही. ते कळावं म्हणून माईकच्या खटक्यावर एक लाल दिवा होता. तो दिवा मागच्या हिवाळ्यात एर्नेस्टनं स्वतः दुरुस्त केला होता. दुरुस्तीत तारा उलट्या जोडल्या गेल्या, तेव्हापासून दिवा लागला की माईक बंद आणि विझला की चालू. हे क्लबात सगळ्यांना माहीत होतं. बर्टीला माहीत नव्हतं, कारण त्यानं कधी कुणाला काही विचारलंच नव्हतं. तो फक्त सांगायचा.

त्यानं खटका दाबला. लाल दिवा लागला. मग घसा साफ करून त्यानं दोन्ही संघांची नावं, रेफरीचं नाव आणि पार्किंगमध्ये दिवे चालू राहिलेल्या निळ्या गाडीचा नंबर मोठ्या रुबाबात वाचून दाखवला. खाली एक अक्षर पोहोचलं नाही. मग त्यानं समाधानानं खटका पुन्हा दाबला. दिवा विझला.

"झालं," तो म्हणाला, आणि हा शब्द आर्डनीव्हीच्या चारही कर्ण्यांतून गेला.

त्याच्यामागून वर आलेला एर्नेस्ट कोपऱ्यात स्टुलावर थंड दुधाच्या पेल्यात जीभ बुडवून बसला होता. त्याची पाठ खटक्याकडे होती आणि डोळे मिटलेले होते. बर्टीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अशा माणसाची सोबत मिळाली, ज्याला उलट बोलता येत नव्हतं आणि ऐकलेलं कुणाला सांगताही येणार नव्हतं.

खाली सामना सुरू झाला. बर्टी काचेला नाक लावून बघत राहिला. इतक्या उंचावरून त्यानं आपला संघ कधी पाहिला नव्हता. खांबापाशी दिसतं ते तुकड्यातुकड्यांत. वरून सगळं एकदम दिसलं, कोण कुणासाठी धावतोय, कोण कुणाची चूक झाकतोय. त्याला काहीतरी झालं.

"एर्नेस्ट, तुझी जीभ भाजलीय म्हणून तुला सांगतो," तो म्हणाला. "हा प्रिंगल आहे ना, याच्यासारखा गोलकीपर मी बघितलेला नाही. आठवडाभर लोकांच्या छपरांवर पावसात चढतो आणि शनिवारी पुन्हा इथं चिखलात उडी मारतो. कशासाठी? माझ्या शिव्या खायला. सोनं आहे रे सोनं."

खाली प्रिंगलनं हे ऐकलं. आधी त्याला वाटलं, कुणीतरी बर्टीची नक्कल करतंय. मग त्यानं वर काचेत पाहिलं. त्याच क्षणी त्याच्या बचावपटूनं त्याच्याकडे सावकाश, आजारी माणसाला औषध द्यावं तसा पास दिला. प्रिंगल अजून वर बघत होता. चेंडू त्याच्या दोन पायांमधून, त्या प्रसिद्ध भोकातून, गोलात गेला.

"बघ, झाला गोल," बर्टी म्हणाला. "पण काय बिघडलं? डोळ्यांत ऊन गेलं असेल बिचाऱ्याच्या."

आकाशात उन्हाचा पत्ता नव्हता.  स्टँडमधली माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली. शेजाऱ्याच्या घरातलं खाजगी बोलणं भिंतीतून ऐकू यावं तशी सगळ्यांची पंचाईत झाली होती.

रेफरीनं खेळ थांबवला आणि तो स्टँडकडे निघाला. हे बंद करा, असं तो सांगणार होता. तेवढ्यात कर्णा म्हणाला, "आणि हा आजचा रेफरी. मन लावून काम करतोय माणूस. वाऱ्यापावसात, दोन्हीकडच्या शिव्या खात, न्यायानं वागतोय. मी यालाही आंधळा म्हणेन नेहमीसारखा, पण माणूस चांगला आहे." रेफरी होता तिथंच उभा राहिला. त्यानं शिट्टी तोंडातून काढली, पुसली, आणि तो परत फिरला. पुढची दहा मिनिटं त्यानं शिट्टी वाजवली नाही. 

मग संघाचा फॉरवर्ड रोरी स्टॉट याची पाळी आली. "स्टॉटच्या पायात जादू आहे, मी त्याला लाकूड म्हणतो ते त्याच्या भल्यासाठी," हे ऐकल्यावर स्टॉटनं मोकळ्या गोलासमोर चेंडू सरळ ढकलायचा सोडून टाचेनं मारला, आणि तो कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेला. प्रशिक्षक गॉर्डन ड्युगिड कपाळ धरून खाली बसला. त्यानं एका राखीव खेळाडूला शिडीवर पाठवलं. त्यानं दार बडवलं.

"काय वारा सुटलाय बघ," आत बर्टी म्हणाला. तो आता रंगात आला होता. "लोक मला म्हणतात, टीव्हीवर मोठमोठ्या लीगा दिसतात, तू हे काय बघतोस? मी म्हणतो, बघा तुम्ही. ग्लासगोचे ते दोन मोठे क्लब सगळे चषक घरी नेतात, नेऊ देत. आमच्या देशात जे हरतात त्यांच्याही मागे माणसं जातात, पाऊस असो, गारा असोत. लोकसंख्येच्या मानानं आमच्याइतकी माणसं मैदानावर कोण जातं, सांग. आणि इथं खेळाडू चुकला तर मी त्याला नावानं हाक मारून शिवी देतो, आणि सोमवारी तोच माझं छप्पर दुरुस्त करतो. हे तुला दुसरीकडे मिळणार नाही. आता माझी नेटा म्हणशील तर—"

इथं दारावर जी थाप पडली ती वाऱ्याची नव्हती. बर्टीनं कडी काढली. दारात नेटा उभी होती, हातात पाई उचलायचा चिमटा. इतक्या वर्षांत चालू सामन्यात तिनं टपरी सोडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"तो दिवा बघ," ती म्हणाली.

"बंद आहे की."

"बंद आहे म्हणजे चालू आहे."

बर्टीनं दिव्याकडे पाहिलं. मग काचेतून खाली पाहिलं. सगळं गाव वर बघत होतं. एर्नेस्टनं डोळे उघडले, दिवा पाहिला आणि तोंडातलं दूध त्याच्या नाकातून आलं. नेटानं चिमट्यानं खटका दाबला, तेव्हा लाल दिवा लागला. बर्टी हळूच एर्नेस्टच्या स्टुलाच्या कडेला टेकला. 

"किती ऐकलं त्यांनी?"

"सगळं."

"सोनं म्हणालो तेही?"

"तेही."

मध्यंतर झालं आणि ड्युगिड स्वतः शिडी चढून आला. तो चिडलेला नव्हता, हतबल झाला होता. "बर्टी, तू काय करून ठेवलंयस, तुला कल्पना आहे? पोरं खाली डोळे पुसत बसलीत. ओरडायला तोंड उघडलं तर प्रिंगल म्हणतो, हळू बोला. स्टॉट म्हणतो, आता मी टाचेनंच खेळणार. या पोरांना शिव्यांवर वाढवलंय आपण. एकदम गोड खायला घातलं तर पोटात दुखणारच."

"मग मी काय करू?"

"तुझ्या तोंडानं झालंय, तुझ्या तोंडानंच निस्तर."

बर्टी माईकजवळ आला. या वेळी त्यानं एर्नेस्टला विचारून दिवा विझवला. कुणाला काही विचारायची त्याची ही पहिली वेळ असावी. खरं तर त्याचा आवाज थरथरत होता, पण कर्णे जुने होते, ते सगळ्यांचाच आवाज थरथरवत.

"प्रिंगल," तो म्हणाला, "मघाशी मी बोललो ते माझ्या बायकोची पाई बाधल्यामुळे. तू गोलात उभा आहेस की तुला वाळत घातलंय? आणि स्टॉट, टाच असते बूट अडकवायला. ती पुन्हा वापरलीस तर खाली येऊन कापीन."

स्टँडमधून सुटकेचा एक मोठा निःश्वास आला. मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. जगात पुन्हा सगळं जागच्या जागी आलं होतं. प्रिंगलनं थुंकून हातमोजे घट्ट केले. "रेफरी, तुझे डोळे घरी राहिलेत का, की ते भाड्यानं दिलेत?" हे ऐकताच रेफरीनं अशी कडक शिट्टी वाजवली की बंदरावरचे पक्षी उडाले. बर्टी दम न खाता बोलत राहिला. एर्नेस्ट त्याला दूध पाजत होता. आणि शेवटची थोडी मिनिटं उरली असताना स्टॉटनं, बर्टी शिव्या देत त्याच्या आजोबांपर्यंत पोहोचलेला असताना, सरळ पायानं सरळ गोल मारला. बरोबरी.

पण रेफरीची शिट्टी आता थांबत नव्हती. अगदी शेवटी त्यानं पाहुण्यांना पेनल्टी दिली.  गोल झाला की लीग गेली. प्रिंगल रेषेवर उभा राहिला आणि त्यानं वर काचेकडे पाहिलं.

बर्टीचे ओठ हलले. त्याला काहीतरी झोंबणारं म्हणायचं होतं, पण तोंडावर भलतंच, गोड काहीतरी येत होतं. त्याच्या डोळ्यांकडे बघून एर्नेस्ट काय ते समजला. त्यानं दुधाचा पेला खाली ठेवला, हात लांबवला आणि खटका दाबला. लाल दिवा लागला.

प्रिंगल उजवीकडे झेपावला आणि चेंडू त्याच्या बोटांना लागून गोलाच्या खांबाबाहेर गेला. काचेच्या पेटीत बर्टी जे बोलला ते फक्त एर्नेस्टनं ऐकलं, आणि त्याची जीभ भाजलेली होती.

संध्याकाळी फाटकापाशी त्या विषयावर बर्टीसमोर कुणी चकार शब्द काढला नाही. आर्डनीव्हीचे लोक सभ्य आहेत. प्रिंगल मात्र बॅग खांद्याला लावून आला आणि बर्टीसमोर थांबला. या सामन्यानंतर तो खेळणं सोडणार, अशी कुजबुज गावात महिनाभर होती.

"ते पहिल्या हाफमध्ये बोललास ते," प्रिंगल म्हणाला. "पुढच्या वर्षी चालणार नाही."

"पुढच्या वर्षी?"

"मग? तुला त्या खांबापाशी मोकळा सोडून मी कुठं जाणार?" तो एवढंच म्हणाला आणि चालायला लागला.

"छपराचं बघायला सोमवारी ये," बर्टी त्याच्यामागून ओरडला. "आणि भोकं बुजव, पाडू नकोस." मग तो टपरीकडे वळला. नेटा भट्टी पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुझं एक वाक्य अर्धं राहिलंय," ती म्हणाली. "सगळं गाव विचारतंय. मी सांगितलं, मला माहीत नाही."

बर्टीनं मागं पाहिलं. फाटकापाशी कुणी नव्हतं. वर काचेच्या पेटीत लाल दिवा लागलेला होता, हेही त्यानं नीट बघून घेतलं.

"नेटा," तो म्हणाला, "वाईट नाहीस."

नेटाचा फडका भट्टीवर एकाच जागी बराच वेळ फिरत राहिला. मग तिनं शेवटची उरलेली पाई कागदात गुंडाळली आणि त्याच्या हातात ठेवली.

"फुंकून खा," ती म्हणाली. आजवर तिनं ही सूचना कुठल्याच गिऱ्हाइकाला दिली नव्हती.