पुंजाजींच्या आवाजाचे रीतसर जतन

जुनी वस्तू टाकून देणे हा अडाणीपणा आणि तिचे जतन करणे ही संस्कृती होय. मात्र जतन रीतसर व्हावे, नाहीतर वस्तू नुसतीच वापरात राहते. धामणगाव बढ्याचा प्रसेनजित सरकारी कारकून असल्याने हे तत्त्व त्याला कुणी शिकवावे लागले नाही.

जतन करायची होती एक कॅसेट. वडील पुंजाजी ऊर्फ अण्णा यांनी हयातीत जयंतीच्या कार्यक्रमात भरलेली. तीत आधी पुंजाजी माइकवर सांगतात, "आता जनकाबाई गानं म्हनतीन," आणि मग जनकाबाई, म्हणजे प्रसेनजितची आई, भीमगीत म्हणते. पुंजाजींचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. (फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांत ते गप्प आहेत.)

म्हातारीची मागणी एवढीच होती, "मले एक खेप आयकू दे बापू. माह्यं नाव घेतलं हाय त्यायनं."

मागणी अमान्य झाली. फीत जीर्ण, वाजली तर एकदाच वाजेल. तो मान कॉम्प्युटरचा. मग जन्मभर ऐक म्हणावं! यात खोट काढायला जागाच नव्हती.

मलकापूरहून कधीकाळी आणलेला यूएसबी कन्व्हर्टर माळ्यावरून उतरला. काडेपेटीएवढी ही डबी एका अंगाने टेपला आणि दुसऱ्या अंगाने कॉम्प्युटरला जोडायची. अडचणी किरकोळ होत्या. सोबतची सीडी नव्या लॅपटॉपमध्ये घालता येईना, कारण घालायला फटच नव्हती. पिनही बसेना, कारण भोक सुधारले होते आणि पिन जुन्या विचारांची राहिली होती. अखेर मोबाईल दुरुस्तीवाल्या भाऊरावांनी मधला जोड दिला. लॅपटॉप 'टुंग' म्हणाला.

"टुंग झालं म्हंजे डबीले ओयखलं त्यानं," भाऊरावांनी निर्वाळा दिला. त्यावर पुढील चौकशीची गरज उरली नाही.

रविवारी पंखा बंद, मिक्सर बंद, कोंबड्या शेजारी रवाना. टेपमध्ये वायर खुपसल्यामुळे बाहेर काहीच ऐकू येत नव्हते, पण पडद्यावर हिरवी पट्टी हलत होती आणि घरादाराचे समाधान झाले. जनकाबाई खोकली की पट्टी टुणकन उसळे.

"आवाज पाह्य बे अण्णाचा! कसा कडक हाय!" भाऊराव म्हणाले.

फिरत्या फितीकडे पाहता पाहता जनकाबाईच्या ओठांवर ते गाणे आपसूक आले. पट्टी नाचू लागली. प्रसेनजित आणि त्याची बायको मंजुश्री दोघेही तिच्यावर धावले.

"माय, चूप बस ना व! तुहंच गानं भरून राह्यलो अन् तूच मधात गाऊन राह्यली?"

ती तोंडाला पदर लावून बसली. शेवटाला फीत तुटली. कुणी हळहळले नाही; काम झाले होते.

फाईल नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली. अंगठे आले, जोडलेले हात आले. 'अण्णांचा आवाज ऐकून डोळे भरले.' 'असे गळे आता होणे नाही.' (हा अभिप्राय फाईल पोचल्या क्षणीच आला; श्रद्धेला ऐकत बसावे लागत नाही.)

संध्याकाळी जनकाबाईला समोर बसवून फाईल लावली. खोकला. भाऊराव. थोडे गाणे. "माय, चूप बस ना व!" मग नुसती शांतता, शेवटपर्यंत. लॅपटॉपने कन्व्हर्टरकडे ढुंकूनही न पाहता आपल्याच माइकने घर ऐकले होते. आवाज कुठून घ्यायचा ते सेटिंगमध्ये निवडायचे असते. ते कुणी निवडलेच नव्हते.

"माह्यं नाव काऊन नाई घेतलं त्यायनं?" जनकाबाईने विचारले.

प्रसेनजितला रडू आवरेना. डोळे पुसून खरे काय ते कळवायला त्याने ग्रुप उघडला, तर तिथे अभिनंदन अजून चालूच होते. इतक्या लोकांना खोटे कसे पाडायचे? त्याने जोडलेले हात पाठवले.

फाईल अजून फिरते आहे, पार धाड गावापर्यंत पोचली. चूक मात्र आजतागायत एकानेही कळवलेली नाही. तुम्हालाही ती फाईल आली होती, वाचकहो. खाली अंगठा आहे तुमचा.