शेवटच्याचा नंबर पहिला

डॉक्टर जनार्दनांनी दिवाळीनंतर दवाखाना बंद करायचं ठरवलं होतं. पेशंटांचा कंटाळा आला होता असं नाही. दांडिया बाजारातल्या त्या दवाखान्यात नंबर लावायचं काम त्यांची बायको कमलाबाई करायच्या. त्या गेल्यापासून बाहेर रोज भांडणं होत, आणि भांडण ऐकू आलं की आत डॉक्टरांचं औषधावरचं लक्ष उडे.

डॉक्टरांची मुलगी स्नेहल तेव्हा फतेगंजच्या एका क्लासात जावा ही कंप्युटरची भाषा शिकत होती. ती म्हणाली, बंद करू नका बाबा, नंबर कंप्युटर लावेल. त्याच आठवड्यात तिला स्टॅक शिकवला होता. जावात तो तयारच मिळतो. 'पुश' म्हटलं की नाव आत जातं, 'पॉप' म्हटलं की बाहेर येतं. तिने बाबांचं एकच नाव घालून पाहिलं. बाबांचंच नाव बाहेर आलं. दोघंही खूश झाले.

सोमवारी सगळ्यांत आधी कुसुमावतीबाई आल्या. कमलाबाई आणि त्या एकाच भजनी मंडळातल्या. मग निवृत्त फौजदार उदयसिंहराव, मग बाकीचे. डॉक्टरांनी आतून घंटा वाजवली, स्नेहलने बटण दाबलं, आणि पडद्यावर नाव आलं ते पादरा गावच्या एका व्यापाऱ्याचं. तो अजून चप्पल काढत होता.

"हा आत्ता आला ना गं?" उदयसिंहरावांनी विचारलं.

"कंप्युटरने नंबर लावलाय, काका."

आणखी दोनदा घंटा वाजली तेव्हा स्नेहलच्या लक्षात आलं. स्टॅक म्हणजे ताटांची चळत. शेवटी ठेवलेलं ताट आधी हातात येतं, आणि कुसुमावतीबाई पार तळाशी होत्या. पण चूक कबूल केली तर बाबा म्हणणार, बघ, जमत नाही, बंदच करू. ती बटण दाबत राहिली.

उदयसिंहरावांनी मात्र बरोबर हेरलं. ते उठले, बाहेर जाऊन पान खाऊन आले आणि म्हणाले, "लिही माझं नाव. आत्ताच येतोय." लगेच त्यांचा नंबर लागला.

मग सगळेच बाहेर गेले. पण परत आत यायला कोणी तयार होईना, कारण जो शेवटी येईल त्याचा नंबर आधी. ओट्यापाशी घोळका झाला आणि आधी तुम्ही जा असा गुजरातीत आग्रह सुरू झाला. "पहेला तमे जाओ ने." "ना ना, तमे." रस्ता अडला, स्कूटरवाले हॉर्न वाजवू लागले.

घंटा देऊनही कोणी येईना म्हणून डॉक्टरांनी दार उघडलं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या, एकट्या कुसुमावतीबाई बसलेल्या.

"गेले सगळे?" डॉक्टर हळूच म्हणाले. "बरोबर आहे. कमला नाही, तर कोण बसणार इथे."

"जातायत कुठे? बाहेर उभे आहेत. शेवटी कोण येणार यावरून भांडतायत," कुसुमावतीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बाहेर डोकावून पाहिलं आणि ते हसले. किती महिन्यांनी, ते स्नेहललाही आठवेना.

शेवटी भूक लागली तसे एकेक जण आत आले. सगळे आटोपल्यावर उदयसिंहरावांचं सकाळचं नाव पुन्हा पडद्यावर आलं. आलेला नंबर वाया कशाला घालवा, म्हणून त्यांनी परत एकदा रक्तदाब मोजून घेतला. त्यानंतर कुसुमावतीबाई.

"काय होतंय, कुसुमताई?"

"मला काय होणार? तुम्ही वेळेवर जेवता का, ते बघायला आले. कमलाने सांगून ठेवलंय."

मागे कोणी थांबलेलं नव्हतं. दोघं बराच वेळ बोलत बसली. बाबांच्या तोंडून आईच्या गोष्टी ऐकत स्नेहल दाराबाहेर कंप्युटर बंद न करता बसून राहिली.

क्लासात विचारून तिने प्रोग्राम नीट केला. आता आधी आलेल्याचं नाव आधी. पुढच्या सोमवारी कुसुमावतीबाई पुन्हा पहिल्या आल्या, आणि पहिल्याच घंटेला त्यांचं नाव लागलं. त्या उठणार, तोच डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"कुसुमताई, तुम्ही बसा. तुमचं शेवटी."

"बसलेच आहे मी," त्या म्हणाल्या.

"मग हा कंप्युटर कशाला आणलाय?" उदयसिंहराव पुटपुटले आणि आत शिरले.

डॉक्टर वर बघत होते. "स्नेहल, दिवाळी झाली की हा पंखा बदलून घेऊ," ते म्हणाले. "लोकांना बसायला उकडतं."