माझा खरखरीत चेंडू

बोलिंगचा चेंडू कसा निवडायचा, हे आमच्या ऑफिसात एकट्या मला कळतं. हे मी अगदी नम्रपणे सांगतोय! बाकीचे लोक चेंडूचा रंग बघतात, भोकांत बोटं बसतात का तेवढं बघतात आणि देतात सोडून. मी आधी पट्टा बघतो. ज्या लाकडी पट्ट्यावरून चेंडू सोडायचा, त्याला तेल लावलेलं असतं. तेल जास्त असेल तर खरखरीत चेंडू घ्यायचा. तो पकड घेतो आणि शेवटी डावीकडे वळून बरोबर पिनांच्या घोळक्यात शिरतो. तेल कमी असेल तर गुळगुळीत घ्यायचा, नाहीतर चेंडू भलताच वळून कडेच्या पन्हळीत जातो. एवढं सोपं आहे. पण जेवणाच्या सुट्टीत मी हे समजावायला लागलो की लोकांना भराभर कामं आठवतात.

या वर्षी मात्र सगळे कान देऊन ऐकत होते. आमच्याकडे एक पद्धत आहे. खात्याखात्यांत बोलिंगचा सामना होतो आणि जिंकणारं खातं वर्षाच्या रजा सगळ्यांत आधी निवडतं. मला शाळेच्या सुट्टीतला एक ठरावीक आठवडा हवाच होता. लेकीची शाळा आणि बायकोची नोकरी तेवढ्यातच जुळत होती, आणि आम्हाला सासऱ्यांना समुद्र दाखवायचा होता. ते आमच्याकडेच राहतात. सत्तरी ओलांडली, सगळी हयात फर्निचरला पॉलिश करण्यात गेली आणि समुद्र काही पाहिला नाही. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, की बाबा, आठवडा आपलाच समजा.

सामन्याच्या आदल्या दिवशी हॉलवर जाऊन पट्ट्यांची चौकशी केली. तेल मध्यम होतं. मध्यम तेलाला किंचित खरखरीत चेंडू. संघातल्या तिघांसाठी हॉलच्या रॅकवरचे तसे चेंडू हेरून ठेवले. माझा स्वतःचा चेंडू घरी पॉलिश पेपरने दोन तास घासला, हवा तेवढाच खरखरीत केला आणि पिशवीत घालून कोपऱ्यात ठेवला.

सामना बघायला बायको आणि बाबाही आले होते. चेंडू पिशवीतून काढला तेव्हा तो जरा चमकत होता. पण हॉलच्या दिव्यांखाली सगळंच चमकत होतं, आमच्या साहेबांचं टक्कलसुद्धा. मी लक्ष दिलं नाही.

साहेबांनी पहिल्याच चेंडूत आठ पिना पाडल्या. टायपिस्ट बाईंनी सात पाडल्या, आवक-जावकवाल्याने सहा. मग मी उठलो. शेवटी वळेल या हिशेबाने चेंडू उजवीकडून सोडला. तो वळलाच नाही! नाकासमोर चालत गेला आणि उजव्या कोपऱ्यातली एक पिन पाडून गडप झाला. पुन्हा टाकला, तरी तेच.

दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. मी ताबडतोब निदान केलं. चेंडू वळत नाही, म्हणजे पट्ट्यावर तेलाचा पूर आलाय. मी तिघांनाही रॅकवरचे सगळ्यांत खरखरीत चेंडू घ्यायला लावले. साहेबांनी दोनदा विचारलं, की नक्की ना? आपलं तर बरं चाललंय. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही पिना बघताय, मी तेल बघतोय."

त्यानंतर साहेबांचा चेंडू अर्ध्यातच डावीकडे वळला आणि पन्हळीत पडला. बाईंचाही पडला. आवक-जावकवाल्याचा तर ओढ लागल्यासारखा गेला. मी प्रत्येकाला अजून जोर लावायला सांगत राहिलो आणि ते बिचारे लावत राहिले. दहापैकी आठव्या फेरीपर्यंत आमची पार वाट लागली होती.

तेव्हा कुठे माझा चेंडू हातातून निसटला. बोटं नाकाशी नेली, तर पॉलिशचा वास! मी मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, की चेंडूची रया गेलेली बाबांना बघवली नाही. सकाळपासून बसून तीन हात मारले त्यांनी, तुम्हाला आश्चर्य म्हणून. बाबा मागच्या बाकावर ताठ बसले होते आणि शेजारच्या माणसाला बोटाने माझा चेंडू दाखवत होते.

गोदाम खातं जिंकलं आणि त्यांनी नेमका तोच आठवडा घेतला. आमच्या वाट्याला लेकीच्या परीक्षेचा आठवडा आला. समुद्र पुढच्या वर्षावर गेला. सत्तरीच्या माणसाला पुढचं वर्ष सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसमधून घरी जाताना मी कसाबसा सांगायला लागलो, तर बाबांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. समुद्र कुठे पळून जात नाही. आणि मी बघत होतो ना, तिघांचे चेंडू पन्हळीत जात होते, तुमचा एकट्याचा शेवटपर्यंत सरळ गेला. पुढच्या वर्षी सगळ्यांचेच चेंडू दोन दिवस आधी घरी आणा."

बायको खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. मी "आणतो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तसंही पुढच्या वर्षी चेंडू निवडायचं काम मला सोडून कोणालाही द्यायचं, असं साहेबांनी ठरवलंय.