हिरवी फीत, पिवळी फीत

कोणती बाळंतीण बाळाला अंगावर पाजत राहील आणि कोणती लवकरच बाटलीकडे वळेल, हे डॉक्टरांना आता आधीच सांगता येत होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. वॉर्डात पाजायला शिकवणाऱ्या सिस्टर एकट्याच. त्या कोणाकोणाला पुरणार? म्हणून डॉक्टरांनी युक्ती काढली. प्रत्येकीला काही प्रश्न विचारायचे आणि उत्तरांना गुण द्यायचे. भरपूर गुण मिळाले की पाळण्याला हिरवी फीत, म्हणजे ही निभावून नेणार, तिची चिंता नको. कमी पडले की पिवळी फीत आणि एक जादा उशी, म्हणजे सिस्टरनी हिच्याजवळ बसायचं. "अंदाज खरा ठरला तर सगळ्या वॉर्डांत लावू," असं रुग्णालयाच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, तेव्हापासून डॉक्टरांचे पाय जमिनीवर नव्हते.

अशात त्यांची बायकोच त्या वॉर्डात बाळंत झाली. तिला गुण देताना डॉक्टरांनी हात आखडता घेतला नाही. शिकलेली, धीराची, आई सोबतीला. 'नवऱ्याची साथ' या प्रश्नाला तर त्यांनी तिला न विचारताच पैकीच्या पैकी देऊन टाकले. पाळण्याला हिरवीगार फीत लागली.

संध्याकाळी ते ऐटीत आत आले, तर लेकीने टाहो फोडलेला आणि बायकोचे डोळे भरलेले.

"ही नीट धरतच नाहीये रे. दुखतंय खूप. सिस्टरना पाठव ना."

"अगं, पण तुला हिरवी आहे!"

"मग?"

"हिरवीला जमतं."

"हे हिला सांग," म्हणून तिने रडणारी लेक त्यांच्यासमोर धरली. "मला हिला पाजायचंय. मनापासून पाजायचंय. आणि जमत नाहीये."

डॉक्टर कात्रीत सापडले. फीत बदलावी तर घरच्याच माणसापाशी अंदाज चुकला, असा बभ्रा होणार. "उद्यापर्यंत जमेल बघ," असं पुटपुटत त्यांनी काढता पाय घेतला. कोपऱ्यात सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. त्यांचं लक्ष सिस्टरच्या टेबलावरच्या पिवळ्या फितीच्या रिळाकडे होतं.

सकाळी डॉक्टर येऊन बघतात तो लेकीच्या पाळण्याला पिवळी फीत, शेजारी सिस्टर, आणि लेक शांतपणे चुटूचुटू पितेय! बायको रडत होती, पण आता आनंदाने.

"आई, हे काय केलंत?"

"काही नाही, जावईबापू. हातभर फीत कापली."

पुढच्या खाटेवरच्या आजीबाईंनी हे ऐकलं मात्र, आणि दुपारपर्यंत सगळा वॉर्ड पिवळा झाला. "आमच्या सुनेलाही द्या हो हातभर!" म्हणत रीळ खाटेखाटेवरून फिरलं. एका आजोबांनी तर उशीच्या आशेने आपल्या पिशवीलाही फीत बांधली. सिस्टरच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी सगळ्या खुर्च्या मधोमध गोल मांडल्या आणि सगळ्यांना एकदमच शिकवायला घेतलं. ज्यांना जमलं त्या शेजारणीला दाखवू लागल्या. डॉक्टर दारात कपाळाला हात लावून उभे होते.

पुढे लसीसाठी बाळं घेऊन आया आल्या, तेव्हा मॅडमनी स्वतः चौकशी केली. जवळजवळ सगळ्या अजून अंगावर पाजत होत्या.

"डॉक्टर, तुमच्या पिवळ्या फितीप्रमाणे यातली एकही टिकायला नको होती."

"हो, मॅडम."

"अंदाज साफ झोपला! छान झालं. आता सगळ्या वॉर्डांत सरसकट पिवळीच लावा."

डॉक्टर पडेल चेहऱ्याने घरी आले. बायको लेकीला पाजत आरामात बसली होती.

"तुझ्यापुरता तरी माझा अंदाज बरोबर आला," ते म्हणाले. "हिरवी होतीस, टिकलीस."

"हो का? आणि नवऱ्याची साथ, पैकीच्या पैकी? घे, हिची ढेकर काढ."

डॉक्टरांनी लेकीला खांद्यावर घेतलं, दोनदा थोपटलं, आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा लेक सासूबाईंच्या खांद्यावर होती आणि डॉक्टरांच्या स्वतःच्या मनगटाला पिवळी फीत बांधलेली होती. बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

"आई, म्हणजे मी नापास?" डॉक्टर ओशाळून म्हणाले.

"छे हो! पिवळी म्हणजे जवळ बसून शिकवायचं." सासूबाई शेजारी सरकल्या आणि त्यांनी लेकीला अलगद डॉक्टरांच्या हातात दिलं. "हं, मानेखाली हात धरा आधी."